तुम्ही विचारलंत म्हणून: ओजेटीचा (ऑन-जॉब ट्रेनिंगचा) एवढा घोळ कशाला?

"मॅडम, बाकीच्या विभागांत ओजेटी एका पत्रावर उरकते. तुमच्या मराठी विभागातच प्रस्ताव, आराखडे, सह्या कशाला?" स्टाफरूममध्ये विचारून झालं, पालकांनी फोनवर विचारलं, परवा तर लग्नाच्या पंगतीत एका माजी विद्यार्थ्याने विचारलं. आता एकदाच सांगते.

एका पत्रावर काय उरकतं ते आधी बघा. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ओजेटीला, म्हणजे बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करत शिकण्याला, चार श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे १२० तास. नोंदवही माझ्याकडे येते ती एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत लिहिलेली. शेवटच्या पानांवर हात दुखून अक्षर तिरकं झालेलं. दहा ते पाच, दहा ते पाच. धुळवडीलाही दहा ते पाच! खाली झेरॉक्सवाल्याचा शिक्का आणि 'काम समाधानकारक'.

२०२३-२४ ला नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला तेव्हा मी उत्साहात होते. मराठीची मुलं वर्तमानपत्राच्या कचेरीत बसतील, मुद्रितं तपासतील, वगैरे. एका मुलीला वर्तमानपत्राच्या तालुक्यातल्या कचेरीचं पत्र दिलं. ती ते हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, उन्हाळ कांद्याची काढणी चालू आहे. घरात मी आणि आई. तिकडे बसले तर माझा रोज बुडतो, आणि अर्धं तिकीट असलं तरी एसटीला पैसे लागतातच."

मग मी बसून चार श्रेयांकांचा स्वतंत्र क्षेत्रीय अभ्यास लिहून काढला. विषय: काढणीपासून लिलावापर्यंतची कांद्याची बोली. ध्वनिमुद्रण, शब्दसूची, अहवाल, तोंडी परीक्षा, गुणांची विभागणी, सगळं. मंजुरीची वाट न बघता तिने कामाला सुरुवातही केली. गोल्टी, खाद, चाळ, वाराई, तोलाई असे शब्द; मापाडी काय बोलतो, हमाल काय बोलतो, आणि विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात आल्यावर शेतकरी काय बोलतो (तो भाग अहवालात घालता आला नसता). वहीच्या पानांना मातीची बोटं लागलेली.

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे प्रस्ताव आमच्याच अभ्यास मंडळापुढे. बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, विषय छान आहे. छान म्हटलं की मला धडकी भरते. मग सुरू झालं. एकाच विद्यार्थिनीचा वर्कलोड कुठे धरायचा? परीक्षा विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला कोड कुठला? बाह्य परीक्षक कोण? मी उत्तरं देत होते. तेवढ्यात कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "घरच्या शेतात राबायचे श्रेयांक द्यायला लागलो, तर उद्या सगळेच मागतील."

"मागू देत की!"

कुणी काही बोललं नाही. चहा आला. इतिवृत्तात एक ओळ पडली: 'पुढील बैठकीत विचारार्थ ठेवावे.' पुढची बैठक झाली तेव्हा निकाल लागून गेला होता.

तिने झेरॉक्सवाल्याचं पत्र आणलं. धुळवडीची ती नोंद तिच्याच वहीतली. मी सही केली, आणि आजही करीन. कांद्याची वही तिने परत मागून नेली. अहवालाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वर्कलोडचा मुद्दा निव्वळ पळवाट, असं मी तेव्हा भांडून सांगत होते. आता तेवढ्या ठसक्यात म्हणवत नाही. तो मुद्दा काढला होता आमच्या तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांनी. त्यांना वेळापत्रकात दिसेल त्या तासाचेच पैसे मिळतात. माझा पगार ठरलेला. बांधावर जाऊन एका मुलीला शिकवणं मला परवडतं. त्यांनी ते फुकट का करावं? याचं उत्तर माझ्या आराखड्यात नव्हतं, आजही नाही. पण म्हणून त्या मुलीचं काम खोटं आणि शिक्का खरा, हे मला पटायचं नाही.

हो, मुलांना त्रास होतो. पत्राऐवजी दोन पानं लिहून आणा म्हटलं की तोंडं वाकडी होतात, काही जण सरळ दुसरा विषय घेतात. विभागाची संख्या घटली तर पहिली गदा तासिकावाल्यांवरच येणार, हेही मला कळतं.

यंदा प्रस्ताव पुन्हा ठेवलाय. किमान पाच विद्यार्थी असतील तर वेळापत्रकात तास धरता येतील, असं तोंडी आश्वासन मिळालंय. तीन नावं आली आहेत. तुमच्या ओळखीत एम.ए. मराठीला कुणी असेल आणि घरी कांदा असेल, तर माझ्याकडे पाठवा.