नक्कलवही, महिना चौथा: फुगे पुसून पाहिले

मंडळी, आधी हिशोब. गेल्या खेपेला ठरवलं होतं, आठवड्याला फ्रेंच कॉमिक्सची दोन पानं उतरवायची, म्हणजे महिन्याला आठ. झाली पाच. त्यातलं एक शाई फुटून वाया गेलं (स्वस्तातला कागद घेतला, चूक माझीच), म्हणजे धरायची तर चारच. पण या चार पानांनी मला आधीच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त दमवलं आणि शिकवलं, म्हणून आज जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: फ्रेंच ‘बे-दे’चं (बांद देसिने, म्हणजे तिकडची कॉमिक्स) एकेक पान मी बघून हाताने उतरवते. ट्रेसिंग नाही. या महिन्यात पद्धत बदलली. पानाची झेरॉक्स काढायची, व्हाइटनरने संवादांचे सगळे फुगे आणि चौकटींवरचे मथळे पुसायचे आणि त्या मुक्या पानाची नक्कल करायची. मजकूर वेगळ्या कागदावर, नुसता, चित्राशिवाय. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं की कोण किती काम करतंय आणि कोण नुसतीच दुसऱ्याची री ओढतंय. (फ्रेंच माझं अजून डिक्शनरी उशाशी घेऊन वाचण्याइतपतच आहे, त्यामुळे मजकूर उतरवायला चित्राहून जास्त वेळ जातो.) झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांनी पुसलेली पानं पाहिली आणि म्हणाले, “ताई, बोलायची जागाच पुसलीत की!” म्हटलं, तेच तर बघायचंय.

पान 1: ‘पर्सेपोलिस’

इराणमध्ये वाढलेल्या मार्जान सात्रापीचं हे स्वतःच्या लहानपणावरचं पुस्तक 2000 ते 2003 या काळात पॅरिसच्या ‘लासोसियासियों’ या प्रकाशनाने चार भागांत काढलं. मी अगदी पहिलंच पान घेतलं. पहिल्या चौकटीत डोक्याला रुमाल बांधलेली दहा वर्षांची मुलगी, साल 1980. दुसऱ्या चौकटीत वर्गाचा फोटो: सारख्याच काळ्या रुमालातल्या चार मुली ओळीने बसलेल्या.

मुकं पान उतरवून झालं. मग मजकूर वाचला आणि कपाळावर हात मारला. मजकूर म्हणतो की मी डावीकडे अगदी टोकाला बसलेय, त्यामुळे मी दिसत नाही. आणि मग बाकीच्या चौघींची नावं. परत चित्र पाहिलं तर खरंच, डाव्या कडेला पाचवीची एक चिंचोळी किनार आहे, बाकीची ती चौकटीने कापून टाकलीय. नक्कल करताना ती किनार मी चक्क सोडून दिली होती! झेरॉक्सच्या कडेला येते तसली काळी पट्टी असेल म्हणून.

त्यात सगळं आलं. चित्र एकटं असेल तर ती किनार म्हणजे फोटोग्राफरची चूक. मजकूर एकटा असेल तर एक सपाट वाक्य. दोन्ही एकत्र आले की जिची ही गोष्ट आहे तीच मुलगी दुसऱ्या चौकटीत हरवते, आणि शाळेत रुमाल सक्तीचा झाल्यावर वर्गातल्या मुलींचं काय झालं हे कुणी न सांगता कळतं. आपण अमर चित्र कथा वाचत वाढलो. तिथे वर लिहिलेलं असायचं, राजा रथातून निघाला, आणि खाली राजा रथातून निघालेला असायचा. मला त्या अंकांबद्दल प्रेम आहे, पण माझ्या हातात ती सवय इतकी मुरलीय की स्वतःची पानं काढतानाही मी तेच करत होते.

माझी स्वतःची गोष्ट आठवतेय ना, ‘पाण्याची वेळ’? चार पानांची, पहाटे पाचला नळाला येणाऱ्या पाण्याची. पहिल्या चौकटीत मथळा होता: “पाच वाजता आई उठायची.” खाली उठणारी आई. त्याच रात्री मथळा खोडला. घड्याळ आधीच भिंतीवर होतं.

मधेच एक खेळ: आठ चौकटी

1991 मध्ये ‘लासोसियासियों’च्याच दोन संस्थापकांनी एक गंमत केली. ज्याँ-क्रिस्तोफ मनुने फक्त आठ चौकटी काढून दिल्या आणि लुई त्राँदेमने त्याच चौकटी उलटसुलट लावून, दर वेळी नवे संवाद घालून, शंभर कॉमिक पट्ट्या रचल्या. शंभर! एकही नवीन रेघ न काढता. पुढे अशा स्वतःवर घालून घेतलेल्या अटींचा ‘ऊबापो’ नावाचा गटच निघाला.

मीही बसले. पोस्टकार्डाएवढ्या आठ चौकटी: आई, मुलगा, बादली, कोरडा नळ, बंद दार वगैरे. झेरॉक्स काढल्या, कात्रीने कापल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या. सात पट्ट्या जमल्या. आठवीला डोकं बंद पडलं.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. खो खो हसणाऱ्या मुलाची चौकट मी सगळ्यात मन लावून काढली होती. ती फक्त एका पट्टीत बसली. आई पाठमोरी उभी आहे ती चौकट, जी मी पाच मिनिटांत उरकली होती, ती सातपैकी सहा पट्ट्यांमध्ये वापरली गेली. संवाद बदलला की ती पाठ कधी रागावलेली, कधी दमलेली, कधी नुसतीच चहा करणारी. चेहरा जितका जास्त बोलून जातो, तितकी संवादाला करायला जागा कमी उरते. हे पुस्तकात वाचलं असतं तर मान डोलावून विसरले असते.

पान 2 आणि 3: दाविद बे.

दाविद बे. या चित्रकार-लेखकाचं ‘लाससांस्यों द्यु ओ माल’, सहा भाग, 1996 ते 2003. ‘ओ माल’ हे फेफऱ्याचं जुनं फ्रेंच नाव, शब्दशः ‘उंच दुखणं’. म्हणून नावात चढण आहे, आणि आत ते दुखणं खरोखरच डोंगरासारखं चढायचं असतं. लेखकाच्या मोठ्या भावाला लहानपणी फिट येऊ लागल्या आणि आईवडील त्याला घेऊन अॅक्युपंक्चरपासून मॅक्रोबायोटिक आहारवाल्यांच्या वसाहतींपर्यंत सगळीकडे फिरले. घरात दीर्घ आजारपण पाहिलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल.

वरच्या खेळातून मी काढलेला निष्कर्ष इथे लगेच आपटला. कारण ही चित्रं अजिबात गप्प बसत नाहीत. आजार म्हणजे एक लांबलचक, खवल्यांचा प्राणी. तो भावाच्या अंगातून वळसे घेत जातो. कोपरा न् कोपरा काळ्या शाईने भरलेला. एका पानाला मला नऊ तास लागले, दोन नंबरचा ब्रश झिजला आणि मान धरली ती वेगळीच. मग मजकुराचा कागद वाचला, आणि तो किती कोरडा! अमुक साली अमुक डॉक्टर, मग तमुक गाव, मग परत फिट. तक्रार नाही, विशेषणं जवळजवळ नाहीतच. म्हणजे इथे आवाज चित्राने लावलाय आणि शब्द साथीला बसलेत. सात्रापीच्या पुस्तकाची प्रस्तावना या दाविदनेच लिहिली होती, आणि दोघांचीही पानं काळी-पांढरी, पण याची पानं शेजारी ठेवली तर सात्रापीची ओसाड वाटतात.

पान 4: जे उतरवताच आलं नाही

‘ल फोतोग्राफ’, तीन भाग, 2003 ते 2006. दिदिए लफेव्र हा फोटोग्राफर 1986 मध्ये डॉक्टरांच्या एका पथकाबरोबर पाकिस्तानातून डोंगर ओलांडून अफगाणिस्तानात गेला. बऱ्याच वर्षांनी एमान्युएल गिबेरने त्याच्या आठवणी ऐकून, जिथे फोटो नाहीत तिथे चित्रं काढली. मांडणी आणि रंग फ्रेदेरिक लमर्सिएचे. फोटो, कॉन्टॅक्ट शीटच्या (एका रोलचे सगळे फोटो छोट्या आकारात छापलेला कागद) पट्ट्या, त्यांवरच्या लाल खुणा आणि चित्रं, सगळं एकाच पानावर शेजारी शेजारी.

फोटोची नक्कल कशी करणार? तेवढ्या जागा कोऱ्या सोडल्या. त्यामुळेच गिबेर काय करतो ते दिसलं. त्याच्या माणसांमागे बहुतेक वेळा काहीच नसतं. एखादी सपाट रंगाची पार्श्वभूमी, मोजक्या रेघा. चांगली चित्रकला येत असलेला माणूस इतकं हात राखून काढतो, कारण शेजारी खरे फोटो आहेत आणि त्यांच्याशी स्पर्धा करायची नाहीये.

परतीच्या वाटेवर लफेव्र बर्फाच्या खिंडीत एकटा पडतो. वाटाड्ये सोडून गेलेत, घोडा थकलाय. आपण इथेच मरणार असं वाटून तो कॅमेरा काढतो आणि फोटो घेतो, निदान कळेल तरी कुठे मेलो ते. वाचताना आपण त्या क्षणापर्यंत चित्रांमधून आलेलो असतो, आणि पुढे समोर येतो तो खराखुरा घोडा, खराखुरा बर्फ. व्हाइटनर हातात घेऊन बसले होते, पण त्या पानावर पुसण्याइतकं काही नव्हतंच.

रियाद सातूफचं ‘भविष्यातला अरब’ घरी आणून ठेवलंय. त्यात फ्रान्समधली पानं निळसर, लिबियातली पिवळी, सीरियातली गुलाबी, त्यामुळे पान उलटताच न वाचता देश कळतो. पण रंगांची नक्कल पुढच्या महिन्यात, माझे वॉटरकलर वाळून खडे झालेत.

अक्षरांची भानगड

हे आपल्यातल्या मराठीत काढणाऱ्यांसाठी. दोन पानांचे कोरे फुगे मराठीत भरून पाहिले. फ्रेंचच्या तीन ओळी जिथे आरामात बसतात तिथे आपल्या दोनच मावतात, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर येऊन बसतात. अक्षर बारीक केलं तर काळ्या पानात ते मुंग्यांसारखं दिसतं. आधी फुगा काढून मग त्यात मजकूर कोंबायचा, हे आता बंद. आधी मजकूर पेन्सिलने पानावर, त्याच्याभोवती फुगा, आणि उरलेल्या जागेत माणसं. यात दोन संवाद आपोआप गळाले, त्यांची आठवणही येत नाही.

‘पाण्याची वेळ’ कुठवर आली

पहिली दोन पानं शाईत झाली. पान 1 वर आता एकच मथळा उरलाय: “आबा तेव्हा घरातच असायचे.” चौकटीत आबा नाहीत, खुर्चीचा एक हात आहे, कडेला कापलेला. सरळ सात्रापीकडून ढापलंय, कबूल. बहिणीने पाहिलं आणि विचारलं, “आबांना का नाही काढलंस?” मग तीच थोडा वेळ पान हातात धरून बसली.

पान 3 वर अडकलेय. भरलेली बादली आणि पाण्यात हलणारी ट्यूबलाइट, एवढीच चौकट. मथळा तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला, कागदाला भोक पडायचं बाकी आहे. गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं, पहाट मोकळी असते. तेव्हा परत बसेन.