सॅम्पल आहे, पण ड्रॉइंग कुठाय?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये जावा, मिस्त्री पहिल्यांदा एकच विचारणार, "सॅम्पल आणलाय काय?" झिजलेला बुश द्या, दात मोडलेला गिअर द्या, संध्याकाळपर्यंत तसाच्या तसा हातात. याचा आपल्याला लय अभिमान, मलाही आहे, नाही असं नाही. पण काकांची वही हातात आल्यापासून ते "तसाच्या तसा" काही डोक्यातनं जाईना, जुनं विमान परत उभं करायचं तर नुसता सॅम्पल पुरत नाही.

काका एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे, १९६० च्या दशकात डकोटा विमानांवर काम केलेलं. त्यांच्या ट्रंकेत ट्रेनिंगची एक जाड वही आणि गुंडाळी केलेल्या दोन अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या नकला) होत्या. ट्रंक कुंभार गल्लीतल्या घरात खालच्या खोलीत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा माणसं आणि गॅस सिलिंडर वर नेताना ट्रंकेकडं कोण बघणार. पाणी उतरल्यावर उघडली तर वहीचा चिखलाचा गठ्ठा झालेला. मी शहाणपणा करून पानं ओढायला गेलो आणि पहिली तीन पानं फाडून ठेवली. नंतर कळलं की ओली पानं ओढायची नसतात, मध्ये टिपकागद घालून पंख्याखाली सावकाश वाळवायची, आणि दोन दिवसांत जमणार नसेल तर बुरशी धरायच्या आत पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये टाकायची, मग सवडीनं एकेक काढायची. काकू म्हणाली, माझ्या मटाराशेजारी हा चिखल ठेवू नकोस बाबा. ठेवला.

प्रिंटचा घोटाळा मात्र पुराचा नाही, माझाच. वाळल्यावर कौतुकानं एक खिडकीशेजारी लावली, पावसाळा संपून ऊन पडायला लागलं आणि दिवाळीपर्यंत रेघा पिवळ्या कागदात विरून गेल्या. अमोनिया प्रिंटला उजेड चालत नाही, हे झेरॉक्सवाल्या पोरालाही माहीत होतं, मलाच नव्हतं.

आता वहीत काय आहे ते सांगतो. एका पानावर रिव्हेटचं (पत्रे जोडायला ठोकतात त्या पिनांचं) टेबल आणि बाजूला पेन्सिलनं मराठीत, "फ्रीजमधनं काढल्या काढल्या मारणे, राहिले तर परत हीट ट्रीटमेंट." मी विचारलं, काका रिव्हेट फ्रीजमध्ये कशाला? तर म्हणाले, "अरे काही ड्युरल, म्हणजे विमानाचं ॲल्युमिनियम, तापवून पाण्यात विझवलं की थोडा वेळ मऊ असतं, मग आपोआप कडक होत जातं, थंडीत ठेवलं की ते थांबतं. कडक झाल्यावर ठोकलास तर डोकं फुटतंय." हे जुन्या विमानातला रिव्हेट काढून मिस्त्रीपुढं ठेवला तरी दिसणार नाही. माप दिसेल, लांबी दिसेल, पण फ्रीज दिसत नाही.

तसंच झिजेचं. झिजलेली पिन आज केवढी आहे ते व्हर्नियर सांगतो, ती केवढी असायला पाहिजे आणि किती सूट चालते ते ड्रॉइंगच सांगतं. पॅटर्नवाल्या (ओतकामाचे नमुने करणाऱ्या) मित्राला हे बोललो तर तो म्हणाला, मग तू प्रिंटवर पट्टी ठेवून माप घे की. तेही चालत नाही मर्दा, कागद आपल्या पावसाळ्यात ताणतो आणि उन्हाळ्यात आकसतो. म्हणून तर विमानाच्या कारखान्यात पूर्ण मापाची आखणी रंगवलेल्या पत्र्यावर करायचे. मोबाईलनं तिरका फोटो मारून "स्कॅन केलं" म्हणणाऱ्यांनी (मीसुद्धा त्यातलाच) निदान शेजारी एक स्टीलची पट्टी तरी ठेवावी.

यावर, ड्रॉइंगशिवायही जमतं म्हणून, कोणीतरी लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचं उदाहरण देणारच. ब्रिटिश जाताना कानपूरला मुद्दाम नासधूस करून टाकलेल्या लिबरेटर विमानांतनं एचएएलनं चाळीसेक विमानं उभी केली, ती १९६८ पर्यंत एअरफोर्समध्ये उडाली आणि त्यातली काही आज परदेशातल्या म्युझियममध्ये आहेत. नाद खुळा काम, पण तिथं एकाचं काढून दुसऱ्याला लावायला मैदानभर विमानं पडलेली. आज रिस्टोअर करणाऱ्याकडं एखादी शेपटी आणि चार वाकलेले पत्रे असतात, लाकडाचं विमान असलं तर तेही कुजलेलं.

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश मॉस्किटो हे तसलंच प्लायवूड आणि बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान. त्याची वीस हजारांवर ड्रॉइंग २०१७ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या हद्दीजवळच्या ब्रॉटनच्या कारखान्यात मायक्रोफिल्मच्या कार्डांवर सापडली, आणि ती इमारत पाडायची होती! बुलडोझर थोडा आधी आला असता तर संपलं होतं. इथं काकूनं मागच्या वर्षी माळ्यावरचा एक खोका रद्दीवाल्याला दिला, आत काय होतं ते काकांनाही आठवत नाही. मी काही बोललो नाही, बोलून काय होणार.

स्कॅन करताना एक ठरवलंय, काही साफ करायचं नाही. ग्रीसचा अंगठा, खोडलेलं माप, वर लाल शाईनं लिहिलेलं नवं माप, सगळं तसंच घ्यायचं, कारण छापलेलं चुकीचं होतं म्हणूनच कोणीतरी हातानं बदललंय. आत्तापर्यंत ६१ पानं झालीत. शेवटची अकरा अजून चिकटलेली आहेत, मटाराशेजारी.