आमची वाटचाल : एमूची उबवणी आणि त्यानंतरची वर्षं

आमच्या माण तालुक्यात (जि. सातारा) एमूचं, म्हणजे शहामृगासारख्या त्या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव काढलं की कुणाचे किती बुडाले याचाच हिशेब निघतो. आमची उबवणी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा, त्याच काळातली. ती आजही चालू आहे आणि आम्ही कुणाचा रुपया बुडवलेला नाही. तरी लग्नाकार्यात अजून कुणीतरी विचारतंच, "तुम्ही पण त्या एमूवाल्यांतलेच ना?" म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही दोघं भागीदार, मी आणि माझे साडू. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा मूळचे वायरमन. एमू आंध्रातून आपल्याकडे येऊ लागला, नाबार्डच्या योजनांत त्याचं नाव आलं, बँका कर्ज द्यायला लागल्या, तेव्हा सगळा गाव पक्षी घ्यायला धावला. अण्णा म्हणाले, पक्षी सगळेच घेतील, अंडी उबवणार कोण? मग आम्ही ब्रॉयलरवाल्याचा जुना सेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, विकत घेतला.

कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं. एमूला 50 ते 52 दिवस लागतात, आणि तेवढे दिवस ड्राय बल्ब (साधा तापमापक) 96-97 फॅरेनहाइट आणि वेट बल्ब (ओल्या कापडाचा तापमापक, हवेतला ओलावा कळायला) 78-80 यावरून काटा हलता कामा नये. अंडं अर्ध्या किलोच्या आसपासचं, कोंबडीच्या ट्रेमध्ये बसतच नाही. ते आडवं ठेवावं लागतं. अण्णांनी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून नवे ट्रे बनवले आणि कडांना सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, म्हणजे तासातासाला ट्रे कलला तरी कवचाला चीर जायची नाही. ते ट्रे आजही आमच्याकडे वापरात आहेत. बाहेरून आलेल्या नव्या मशीनचे ट्रे वाकले, अण्णांचे नाहीत.

एमूचं कवच गडद हिरवं. बॅटरी लावून आत काही दिसत नाही. आमचा सगळा भरवसा वजनकाट्यावर. 600 ग्रॅमचं अंडं 48व्या दिवशी हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लू बाहेर यायच्या कपाटात, हलवताना 510 ते 530वर आलेलं हवं. जास्त उतरलं तर पिल्लू सुकतं, कमी उतरलं तर आत पाणी राहून गुदमरतं. त्यात भारनियमन! रात्री दिवे गेले की अण्णा झोपेतून उठून जनरेटरला हँडल मारायचे. पिल्लू बाहेर आलं की पहिले तीन आठवडे त्याच्या पायाखाली गोणपाट हवंच. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात आणि फाकलेला पाय पुन्हा जुळत नाही. ज्यांनी पिल्लं पाळली आहेत त्यांना हे सांगायला नको, पण तरी सांगतो, कारण गोणपाटाचे पैसे वाचवणारे मी फार पाहिले.

मग तालुक्यात ती कंपनी आली. नाव घेत नाही. रस्त्यावर फ्लेक्स, हॉटेलात जेवणावळी, शेतकऱ्याला "पिल्लं घ्या, खाद्य आम्ही देतो, पक्षी आम्हीच परत घेतो, महिन्याला पैसे." आमच्या उबवणीत पिल्लाचा नर-मादी तपासून पायात कडी घालूनच पिल्लू बाहेर जायचं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, खरा फरक मोठेपणी आवाजात: मादी ढोल वाजवल्यासारखी घुमते, नर घशातून गुरगुरतो. त्या कंपनीने न तपासताच पिल्लांच्या "जोड्या" विकल्या. दीड-दोन वर्षं खाद्य घातल्यावर लोकांना कळलं की गोठ्यात दोन नर आहेत. त्यांच्या एजंटाने आमच्याबद्दल काय पसरवलं? की आमच्याकडे पिल्लं मरतात, म्हणून आम्ही परत घ्यायची हमी देत नाही. हमी आम्ही कधीच दिली नाही, कारण देणाऱ्याला ती पाळता येणार नाही हे आम्हाला दिसत होतं. एका पक्ष्यापासून चार-पाच लिटर तेल निघतं, मांसात चरबी नावापुरती, कातडीही उपयोगाची. सगळं खरं. पण ते कापणार कुठे आणि घेणार कोण? पिल्लाचं गिऱ्हाईक म्हणजे पुढचा शेतकरी, आणि त्याच्या पिल्लाचं गिऱ्हाईक त्याच्याही पुढचा. टेक्सासमध्ये 1990च्या दशकात हेच झालं होतं. तिथेही शेवटी लोकांनी पक्षी मोकळे सोडले.

2012च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईच्या एका मोठ्या एमू कंपनीने हात वर केले. बातमी इकडे पोचेपर्यंत आमच्याकडच्या कंपनीनेही गाशा गुंडाळला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते आमच्या बाबतीत शब्दशः घडलं. अंडी यायची बंद झाली. उधारी अडकली. सकाळी फाटक उघडावं तर पाय बांधलेले पक्षी बाहेर पडलेले असायचे, रात्रीत कुणीतरी टाकून गेलेलं. चाळीस-पन्नास किलोचा पक्षी, खाद्य दिवसाला पाऊण किलो ते किलोभर. किती दिवस पोसणार? डिझेलवाला दारात, बँकेचा हप्ता थकलेला. भंगारवाला येऊन सेटरभोवती फिरून गेला आणि किलोचा भाव सांगून गेला. अण्णांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्या वर्षी आम्हाला वाचवलं ते आटपाडीकडच्या मास्तरांनी. मास्तर आमचे पहिल्या हंगामापासूनचे गिऱ्हाईक. एसटीने यायचे, मांडीवर पाटी, पाटीत भाताचं तूस आणि तुसात अंडी. वर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि जोडीचा नंबर, शाळेच्या हजेरीच्या अक्षरात. सगळे पक्षी सोडून देत होते तेव्हा मास्तर आले, दोन हंगामांची उबवणावळ आगाऊ ठेवली आणि म्हणाले, "माझा नर अंड्यावर बसलाय. आठ आठवडे तो खाणार नाही, उठणार नाही. तो उठत नाही तर मी कसा उठू?" त्या पैशांतून डिझेलवाल्याचं देणं फिटलं. बाकी अण्णांच्या हाताने तगवलं: आसपासच्या पोल्ट्र्यांचे सेटर दुरुस्त करणं, गावरान कोंबडीची आणि बटेराची अंडी उबवून देणं. त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली.

या धंद्यात राहून मी जगभर रानटी जनावर माणसाळवायचे प्रयत्न कुठे कुठे झाले ते वाचत गेलो. मूस म्हणजे आपल्या सांबराहून कितीतरी मोठं हरीण. रशियात पेचोरा-इलिच अभयारण्यात, याक्शा गावी, 1949 पासून मूस पाळायला लागले. 1963 मध्ये कोस्त्रोमाजवळ सुमारोकोवोला दुसरं केंद्र निघालं. मांसाचा बेत जमला नाही. गाईच्या मांसापेक्षा खर्च कितीतरी पट, आणि जिथे सोबतीण कापली गेली तिथे मूस परत यायला तयार नाही. दुधाचं मात्र टिकलं. व्यायल्यावर मादी दूध काढणाऱ्या बाईलाच आपलं वासरू समजते, दिवसभर जंगलात चरते आणि धारेच्या वेळी आपल्या पायाने परत येते. ते दूध शेजारच्या आरोग्यधामात रुग्णांना जातं. इतक्या वर्षांत तिथे कुणी शेतकऱ्याला मुसाची वासरं "जोडी" म्हणून विकून पैसे दुप्पट करायचं आमिष दाखवलं नाही. काय चालतं, काय नाही, ते पाहिलं आणि जेवढं चाललं तेवढंच ठेवलं. आमच्या एमूला एवढी सबुरी कुणी दाखवली? पक्षी नालायक होता असं जे म्हणतात त्यांच्याशी मी आजही भांडतो. माझ्याकडच्या माद्या पहिल्या वर्षी पंधराच्या आसपास अंडी देतात आणि पुढे वाढवत नेतात, उन्हाळ्यात आमच्या माणच्या उन्हात टिकतात, औषधाचा खर्च नगण्य. यात पक्ष्याचा दोष कुठे आहे?

नवीन कुणी जनावर घेऊन आला, मग ते एमू असो, ससा असो की आणखी काही, तर त्याला एवढंच विचारा की कापलेला माल आज कोण घेतो, त्याचं बिल दाखव. बिल नसेल तर उठून या.

ज्यांच्याकडे अजून जोड्या आहेत त्यांच्यासाठी: हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. अंडी संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान पडतात, तेव्हाच उचला, रात्रभर मातीत ठेवू नका. उचलताना पक्ष्याच्या समोर उभं राहू नका, लाथ पुढे बसते, बाजूलाही बसू शकते. पकडायचाच असेल तर बाजूने जाऊन पंख घट्ट धरा. दहा दिवसांपेक्षा जास्त साठवलेली अंडी आम्ही घेत नाही. पाटीत तूस घाला, तारीख आणि जोडीचा नंबर पेन्सिलीनेच लिहा, आणि निघायच्या आधी अण्णांना फोन करून ट्रेमधली जागा धरून ठेवा.