चांदीचा पत्रा आणि 24 सेकंद

न्यूट्रॉन जास्त झालेल्या अल्पजीवी अणुकेंद्रांचा ऱ्हास बघायला प्रवेगक लागतोच असं नाही. बडोद्यात एम.एस्सी. करणाऱ्यांनी मांडवीतल्या सराफाकडून शुद्ध चांदीचा पातळ पत्रा आणावा (दागिन्याच्या चांदीत तांबं असतं). प्रयोगशाळेत न्यूट्रॉन देणारा अमेरिशियम-बेरिलियम स्रोत, पॅराफिन (मेण) आणि किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर असला की झालं. न्यूट्रॉन मंदावायला पॅराफिन हवंच, वेगवान न्यूट्रॉन चांदी फारसे पकडत नाही.

पत्रा पॅराफिनमध्ये स्रोताजवळ 12 मिनिटं ठेवा; न्यूट्रॉन पकडून त्यात चांदी-108 आणि चांदी-110 ही अल्पजीवी अणुकेंद्रं बनतात. त्याहून जास्त ठेवून पदरात काही पडत नाही, कारण चांदी-108 चं अर्धायुष्य (निम्मी केंद्रं ऱ्हास पावायला लागणारा वेळ) सुमारे 2.4 मिनिटं; पाच अर्धायुष्यांत 97 टक्के संपृक्तता येते, म्हणजे जास्तीत जास्त बनू शकेल त्याच्या 97 टक्के बनून होते. चांदी-110 चं मात्र जेमतेम 24.6 सेकंद, आणि घोळ इथेच होतो. पत्रा काढून काउंटरखाली सरकवण्यात अर्धा मिनिट गेला की 110 चा निम्म्याहून जास्त माल गेलाच! एकाने पत्रा सांभाळावा, दुसऱ्याने घड्याळ.

दर 10 सेकंदांचे आकडे 10 मिनिटं घ्या, आधी मोजलेली पार्श्वभूमी (पत्रा नसतानाही काउंटर दाखवतो ते आकडे) वजा करा. चार मिनिटांनंतर उरते ती जवळपास सगळी 108. लॉग आलेखावर तिची सरळ रेषा मागे शून्यापर्यंत वाढवून सुरुवातीच्या आकड्यांतून वजा केली की 110 सुटी होते. डेड टाइमची (एक कण मोजल्यावर काउंटर क्षणभर आंधळा असतो त्या वेळेची) दुरुस्ती राहिली तर सुरुवातीचे आकडे कमी पडतात, अर्धायुष्य उगाच लांबतं आणि दोष बिचाऱ्या सराफाला.