टेक्सासचे ते अडीच लाख डॉलर

अमेरिकेतल्या टॉर्ट रिफॉर्मचा, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यांना लगाम घालणाऱ्या कायद्यांचा विषय निघाला की कोणीतरी मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीची गोष्ट काढतंच, कॉफी सांडली आणि बाई करोडपती झाली म्हणे. अहो त्या बाई ७९ वर्षांच्या, थर्ड डिग्री भाजलेल्या, स्किन ग्राफ्टिंग करावं लागलं, आणि ज्युरीने कंपनीला लावलेला २७ लाख डॉलरचा दंड जजनेच ४ लाख ८० हजारांवर आणला. हे कोणी सांगत नाही, असो.

मला बोलायचंय ते कॅपबद्दल, म्हणजे भरपाईवर कायद्याने घातलेल्या कमाल मर्यादेबद्दल. तिकडे हे कायदे राज्यागणिक वेगळे. टेक्सासने २००३ मध्ये ठरवलं की डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या वेदना, मनस्ताप, विद्रूपपणा यासाठी डॉक्टरांकडून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि हॉस्पिटलं धरून सगळे मिळून साडेसात लाखांच्या वर नाही. पेशंट जिवंत असेल तर बुडालेल्या पगाराला आणि उपचाराच्या खर्चाला मात्र लिमिट नाही. ऐकायला ठीक वाटतं ना? पण समजा ऑपरेशनमध्ये घोळ होऊन चाळिशीतला इंजिनियर अंथरुणाला खिळला, तर त्याचा पुढचा सगळा पगार हिशोबात येतो, आणि तीच वेळ रिटायर झालेल्या आजीवर किंवा घर सांभाळणाऱ्या बाईवर आली तर ती पगार कुठून दाखवणार? तिच्या वाट्याला मुख्यतः तो कॅपच. त्यात वकील टक्क्यावर काम करणारा, म्हणजे केस जिंकली तरच भरपाईतला वाटा घेणारा, तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च आधी त्याच्याच खिशातून, मग तो कागदपत्रं चाळतो, आकडेमोड करतो आणि सॉरी म्हणून फाइल परत देतो.

डॉक्टरांची बाजू अगदीच खोटी नाही हां, इन्शुरन्सचे प्रीमियम तेव्हा खरंच डोईजड झाले होते आणि नंतर टेक्सासमध्ये ते उतरले पण. तरी त्याची किंमत आजीने का मोजायची हे मला काही पटत नाही.

कॅलिफोर्नियाने १९७५ पासून हाच अडीच लाखांचा आकडा ४७ वर्षं एका सेंटने हलवला नाही, शेवटी २०२२ मध्ये कायदा बदलला, २०२३ पासून साडेतीन लाख, मृत्यू झाला तर पाच, आणि पुढच्या दहा वर्षांत वाढत वाढत साडेसात आणि दहा लाख. जॉर्जियात तर राज्याच्याच सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये कॅपच उडवला, ज्युरीकडून निवाडा मिळण्याचा लोकांचा हक्क मारला जातो म्हणून. टेक्सासवाले हुशार, त्यांनी २००३ च्या सप्टेंबरमध्येच जेमतेम ५१ टक्के मतांनी राज्यघटना दुरुस्त करून असा कॅप घालायचा अधिकार विधिमंडळाला देऊन टाकला, त्यामुळे राज्याच्या कोर्टाकडून तिकडे असं काही होणं अवघडच.