तीन मायक्रॉनचा ऑफसेट

मंगळवारपासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकतो.

इथे जपानमध्ये, आयचीत, माझ्या लेथवर पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट निघतो. व्यास २४.९८० ते २५.००० मध्ये बसला की पास. दर तासाला सलग पाच नग मोजायचे आणि त्यांची सरासरी अन् सर्वांत मोठ्या-लहान नगातला फरक पेन्सिलीने चार्टवर मांडायचा. याला एक्स-बार आर चार्ट म्हणतात. भोसरीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला हे नव्याने शिकवायची गरज नव्हती, असं मंगळवार सकाळपर्यंत मला वाटत होतं.

दहा वाजताची सरासरी मधल्या रेषेच्या अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर आली. मी लगेच तीन मायक्रॉनचा ऑफसेट दिला, म्हणजे माप तेवढं कमी येईल असं हत्यार सरकवलं. अकराला बिंदू खाली घसरला, मग उलटा ऑफसेट दिला. चार वाजेपर्यंत चार्टची करवत झाली होती आणि दोन बिंदू चक्क चार्टवरच्या लिमिटबाहेर होते. रिजेक्ट मात्र एकही नाही, हे लक्षात घ्या. आमचा गटप्रमुख, म्हणजे हान्चो, चार्टपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "नाझे?" म्हणजे का? हा प्रश्न इथे इतक्या शांतपणे विचारतात की त्यापेक्षा आपल्याकडच्या सुपरवायझरच्या शिव्या परवडल्या. शिव्या देऊन झाल्या की तो निदान चहाला तरी नेतो.

मी म्हटलं, बिंदू मधून सरकला होता. त्याने वरच्या लिमिटवर बोट ठेवलं. मधल्या रेषेपासून साडेतीन मायक्रॉन. ड्रॉइंगवरच्या अधिक-उणे दहा मायक्रॉनशी याचा काही संबंध नाही, हे मशीनच्याच सवयीतून येतं. पाच नगांमधला फरक सरासरी ६ मायक्रॉन, गुणिले ०.५७७, हा पाच नगांसाठीचा ठरलेला गुणक. एवढ्यात बिंदू वरखाली व्हायचाच. तिथे हात घातला की मशीनच्या हलण्यात माझं हलणं मिसळतं. इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, झिजेचा ऑफसेट वेगळा, तो नग मोजून ठरलेला असतो. दर वेळी चूक दिसेल तेवढी उलट दुरुस्ती करत गेलं तर व्हेरियन्स, म्हणजे फैलावाचं माप, दुप्पट होतो. डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ फनेलमधून गोट्या सोडून हेच दाखवायचे. मला हे सगळं येत होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण आपल्याकडे मशीनसमोर नुसता उभा असलेला माणूस कामचुकार दिसतो, त्यामुळे हात शिवशिवतात. ही सवय माझी एकट्याची नाही.

खरा धक्का मात्र गुरुवारी बसला. शेजारच्या लेथवर साठीच्या एक बाई अर्धा दिवस काम करतात. शिक्षण किती ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या तोंडून सिग्मा (फैलाव मोजायचं एकक) हा शब्द कधी ऐकला नाही. त्यांनी नववा बिंदू मांडला, नऊही बिंदूंभोवती पेन्सिलीने लांबट वेढा काढला, मशीन थांबवलं आणि फोन उचलला. मी डोकावून पाहिलं. सगळे बिंदू लिमिटच्या आत, सगळे नग पास. फक्त नऊच्या नऊ मधल्या रेषेच्या खाली. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी लाइन बंद? आम्ही भोसरीत सात सलग एकाच बाजूला आले की लिहायचो, "निरीक्षण चालू". अन् ते निरीक्षण जन्मभर चालायचं.

चाळीस मिनिटं गेली. हान्चो गुडघ्यांवर बसून टॉर्चने काय काय पाहत होता. शेवटी कूलंट, म्हणजे कापताना सोडायचं थंड द्रव, त्याच्या चिलरची जाळी निघाली, तेलकट चुऱ्याने गच्च भरलेली. कूलंट रोजच्यापेक्षा पाच अंश गरम होतं. पंचवीस मिलिमीटरचं पोलाद एका अंशाला साधारण ०.३ मायक्रॉन फुगतं, म्हणजे पाच अंशांना दीड. गरम असताना कापलेला नग थंड झाला की तेवढाच आकसतो. चार्टवर बिंदू साधारण दीड मायक्रॉनच खाली सरकले होते. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात "चिलरची जाळी साफ केली" एवढं लिहिलं, वेळ टाकली आणि घरी गेल्या. टाळ्या नाहीत, फोटो नाही. आपल्याकडे हिला "एम्प्लॉयी ऑफ द मंथ" करून नारळ दिला असता.

आता लगेच "जपानी ते जपानीच" म्हणू नका. ही गोष्ट मुळात त्यांची नाहीच. वॉल्टर श्यूहार्टने पहिला कंट्रोल चार्ट मे १९२४ मध्ये अमेरिकेत काढला, टेलिफोनच्या सामानासाठी. डेमिंगची जपानमधली गाजलेली व्याख्यानं १९५० ची. त्याआधीच, १९४७-४८ मध्ये, खुद्द श्यूहार्ट महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेले होते! महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये गुणवत्तेसाठीचं जपानचं डेमिंग पारितोषिकही मिळवलं. आणि भोसरीसारखं एका माणसाला तीन मशीनं, गुरुवारी वीज नाही, बारचा पुरवठादार दर महिन्याला नवा, अशात या हान्चोने चार्ट भरून दाखवावा.

हे त्याला सांगायला जपानी पुरलं नाही. बरंच झालं, कारण माझा इतिहास निघाला असता. कस्टमर ऑडिटच्या आदल्या रात्री मी महिन्याभराचे चार्ट एका बैठकीत भरलेले आहेत. आकडे एक्सेलमधून काढायचे, लिहायला दोन रंगांची पेनं, आणि एका कागदावर मुद्दाम चहाचा डाग. ऑडिटर खूश होऊन जायचा. आता कळतं, ते चार्ट पहिल्या नजरेत पकडता आले असते: बिंदू सगळे मधल्या रेषेला बिलगून. सलग पंधरा बिंदू एका सिग्माच्या आत आले तर तीही धोक्याची खूण, खरं मशीन इतकं गुणी नसतं.

शनिवारी भोसरीहून जुन्या मित्राचा मेसेज आला, "बुधवारी ऑडिट आहे रे, ती एक्सेल शीट आहे का तुझ्याकडे?"

पाठवली. आधी फॉर्म्युल्यातला फैलाव तेवढा वाढवला.