जुन्या डबड्यावर चालतंय, नव्यावर का नाही?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं हे काम. ते झालं, पैसेही घासाघीस होऊन मिळाले, पण दोष नक्की कुणाच्या पदरात घालायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. क्वालिटीच्या केबिनमधल्या जुन्या पीसीत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे त्यावर विंडोज ११ रीतसर चढणार नाही. मालकांनी नवा लॅपटॉप घेतला आणि मला म्हणाले, "हीट रिपोर्टचं सॉफ्टवेअर तेवढं यावर टाकून द्या." हीट रिपोर्ट म्हणजे भट्टीतल्या धातूच्या प्रत्येक खेपेची नोंद.

इन्स्टॉलर शेवटापर्यंत जायचा आणि केलेलं सगळं पुसत उलटा फिरायचा. स्क्रीनवर नुसतं 'सेटअप फेल्ड'. कंपनीच्या हेल्पलाइनवरचा पोरगा कागद वाचून सांगत होता: अँटिव्हायरस बंद करा, अ‍ॅडमिन म्हणून रन करा. लॉग, म्हणजे इन्स्टॉलरनं स्वतः लिहिलेली नोंद, उघडायला मात्र यांना कुणी शिकवतच नाही. मी तो खालून वर वाचत गेलो. सॉफ्टवेअर आयआयएसवर, म्हणजे विंडोजच्याच वेब सर्व्हरवर, चालतं आणि माणूस ओळखायला विंडोज ऑथेंटिकेशन मागतं. लॉगमध्ये स्पष्ट होतं, या नावाचं फीचर विंडोजला माहीतच नाही. बंद असतं तर चालू केलं असतं. फीचर्सच्या यादीत आयआयएसखालचं सिक्युरिटी उघडलं, तर तिथं ती चौकटच नाही. शेजारच्या धुळकट पीसीवर आहे. दोन्हीकडे विनव्हर, म्हणजे विंडोजची एडिशन दाखवणारी कमांड, चालवलं. जुन्यावर प्रो, नव्यावर होम सिंगल लँग्वेज. होममध्ये ते फीचर येतच नाही.

"काय सांगताय ओ? जुन्या डबड्यावर चालतंय आणि साठ हजाराच्या लॅपटॉपवर चालत न्हाई?" मालक म्हणाले.

वर आणखी एक सांगावं लागलं. ते रात्री घरून रिमोट डेस्कटॉपनं जुन्या पीसीत शिरून रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल किती ते, बघायचे. होमवरून दुसऱ्या मशिनमध्ये जाता येतं, पण होममध्ये बाहेरून येता येत नाही. मालक गप्पच झाले. ऑफिसातला एकजण म्हणाला, "क्रॅक मारू की." जिथं गिऱ्हाईक कंपन्यांचे लोक ऑडिटला येतात, तिथं हा सल्ला!

शेवटी प्रोचं लायसन्स विकत घेतलं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये की घातली, मशिन रीस्टार्ट झालं. फॉरमॅट नाही, डेटा जागच्या जागी. चौकट दिसू लागली आणि सॉफ्टवेअर मुकाट्यानं बसलं. मग बिलावरून वाद, "नुसती की तर घातली!" की कुठली घालायची हे शोधण्याचे पैसे आपल्याकडं कुणाला पटत नाहीत.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या माहितीपत्रकात 'विंडोज १० किंवा पुढील' एवढंच आहे, एडिशनचा उल्लेख नाही. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक रॅम विचारतंय, एसएसडी विचारतंय, होम का प्रो हे आजवर कुणी विचारलं नाही. त्याचंही खोटं नाही.

परवा मालकांनी आणखी दोन लॅपटॉपांचं कोटेशन मला बघायला पाठवलं. प्रोसेसर, रॅम, बॅग, माउस, सगळं तपशिलात. विंडोजपुढं एकच शब्द, 'ओरिजिनल'.